वडील हयात नसताना पितृत्वाची खात्री: कोणत्या नातेवाइकाचा नमुना घ्यावा?

कागल तालुक्यातील एका ४१ वर्षांच्या भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या दाखल्यापासून ज्यांचे नाव त्या वडील म्हणून लावत आल्या, ते त्यांचे जन्मदाते वडील नव्हेत, असे त्यांच्या आईने गेल्या वर्षी त्यांना सांगितले. आईचे त्या गृहस्थांशी लग्न झाले ते या भगिनींच्या जन्मानंतर दोन वर्षांनी. जन्मदाते वडील म्हणून आईने ज्यांचे नाव घेतले ते करवीर तालुक्यातील, स्वतःचे गुऱ्हाळ असलेले एक शेतकरी होते आणि ११ वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगी, एक भाऊ आणि ८८ वर्षांची आई आहे. मुलगी नमुना द्यायला आपणहून तयार आहे, आजीही नाही म्हणत नाहीत, भावाचा मात्र ठाम नकार आहे. ‘चुलत्यांचा नमुना मिळाल्याशिवाय काहीच सिद्ध होणार नाही,’ असे या भगिनींना कोणीतरी सांगितले आहे आणि त्या खचल्या आहेत. पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी एक ओळ जाता जाता लिहिली आहे: ‘आई आणि ते एकाच गावचे, लांबचे नातेही होते.’ ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

ताई, तुमच्या चुलत्यांच्या नकारामुळे तुमचे काम अडत नाही, हे मी प्रथम सांगतो. उलट, तुमच्या बाबतीत चुलते हे सर्वांत कमी उपयोगाचे नातेवाईक आहेत. ज्यांनी तुम्हाला सल्ला दिला, त्यांच्या मनात मुलगा आणि चुलता यांची नेहमीची चाचणी असावी. ती वाय गुणसूत्रावर होते, आणि वाय गुणसूत्र स्त्रियांमध्ये नसतेच. तुमच्यासाठी वाट वेगळी आहे आणि ती अधिक चांगली आहे. गेली २३ वर्षे कोल्हापुरात मी हेच काम करतो आहे. या काळात मला पटलेली गोष्ट अशी की, वडील हयात नसताना निकाल किती भक्कम येणार, हे प्रयोगशाळेत नमुना पोहोचण्याच्या आधीच, म्हणजे कोणाचा नमुना घ्यायचा हे ठरवताना, बहुतांशी ठरून गेलेले असते.

वडील हयात असतात तेव्हा हिशोब सरळ असतो. आपल्या पेशींतील प्रत्येक खुणेच्या जागी, जिला प्रयोगशाळेत मार्कर म्हणतात, दोन आकडे असतात. एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. आईकडून आलेला आकडा वेगळा काढला की उरलेला वडिलांमध्ये असायलाच हवा. वीस-बावीस मार्करांपैकी चार-पाच ठिकाणी तो नसेल, तर ती व्यक्ती वडील नाही. सगळीकडे असेल, तर निकाल ९९.९९ टक्क्यांच्या पुढे जातो. एखाद्याच ठिकाणी जुळत नसेल तर मात्र घाई करायची नसते, कारण या मार्करांमध्ये दर पिढीला हजारात एक-दोन वेळा आपोआप बदल घडतो.

वडील नसताना हा सरळपणा राहत नाही. सावत्र बहीण (म्हणजे वडील एक, आई वेगळी), चुलता, आत्या, आजी किंवा आजोबा यांच्याशी आपला सरासरी २५ टक्के वारसा समान असतो, पण तो कुठल्या जागी समान असेल हे सांगता येत नाही. वडिलांनी तुम्हाला एका जागचा एक आकडा दिला आणि तुमच्या सावत्र बहिणीला त्याच जागचा दुसरा आकडा दिला, असे निम्म्या वेळा होते. म्हणजे दोघी एकाच वडिलांच्या मुली असूनही एखाद्या मार्करवर दोघींमध्ये काहीच समान नसणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून साध्या, म्हणजे एक्स-वाय सोडून इतर गुणसूत्रांवरच्या, चाचणीत सावत्र बहिणींबाबत ‘जुळत नाही, सबब नाते नाही’ असे म्हणता येत नाही. फक्त नाते असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेपेक्षा किती पट आहे, एवढेच सांगता येते. आणि ती पट पुष्कळदा इतकी लहान निघते की तिच्यावर कोणाचे आयुष्य उभे करू नये.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट. स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईचे आणि एक वडिलांचे. पुरुषामध्ये एक्स एकच असते. आई मुलीला एक्स देताना आपल्या दोन एक्सचे तुकडे एकत्र मिसळून देते; वडिलांकडे मिसळायला दुसरे एक्स नसल्यामुळे ते आपले एकमेव एक्स जवळजवळ जसेच्या तसे देतात. याचा अर्थ असा की एका पुरुषाच्या सर्व मुलींमध्ये वडिलांकडून आलेले एक्स एकच असते, मग त्यांच्या आया वेगवेगळ्या असल्या तरी. तुम्ही आणि ती सावत्र बहीण खरोखर एकाच वडिलांच्या मुली असाल, तर तुमच्या दोघींमध्ये एक संपूर्ण गुणसूत्र सारखे सापडलेच पाहिजे. इथे निम्म्या वेळेचा प्रश्नच येत नाही.

हे कागदावर कसे दिसते ते एका मार्करवर दाखवतो. एक्स गुणसूत्रावरील एका मार्करवर, समजा, तुमचे आकडे १० आणि १२ आहेत. तुमच्या आईचे १० आणि ११ आहेत. आईकडे १२ नाही, म्हणजे १२ वडिलांकडून आला आणि १० आईकडून. आता सावत्र बहिणीचे आकडे ११ आणि १२, तिच्या आईचे ११ आणि १३. तिच्या आईकडेही १२ नाही, म्हणजे तिलाही वडिलांकडून १२ आला. दोघींचा वडिलांकडचा आकडा १२, हे जुळले. तिला वडिलांकडून आलेला आकडा १४ निघाला असता, तर हा मार्कर विरोधात गेला असता. सध्या प्रचलित असलेल्या एका संचात असे १२ मार्कर एकाच वेळी तपासले जातात. सर्व १२ ठिकाणी वडिलांकडचा आकडा एकच निघाला, तर तो योगायोग मानणे फार कठीण होते; तीन-चार ठिकाणी वेगळा निघाला, तर तुमचे आणि तिचे वडील एक नाहीत.

वरच्या उदाहरणात मी दोघींच्या आयांचे आकडे घेतले, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यांच्याशिवाय तुमच्या १० आणि १२ पैकी वडिलांचा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. आया नसतील तरीही चाचणी होते, पण तिची धार जाते. हा धडा मी पुस्तकात शिकलो नाही, तो माझ्या चुकीतून शिकलो.

सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच दोन बहिणी माझ्याकडे आल्या होत्या. धाकटीच्या आईचे निधन झालेले होते, थोरलीच्या आईला विचारायची दोघींचीही हिंमत नव्हती. मी दोघींचेच नमुने घेतले आणि १५ मार्करांच्या साध्या चाचणीसाठी बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात ‘सावत्र बहिणी असण्याची शक्यता ८० टक्के’ असे आले. मी तो वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ पुरेसा समजावून सांगितला नाही. शंभरापैकी ऐंशी म्हणजे उत्तम गुणांनी उत्तीर्ण, असेच कोणालाही वाटणार. थोरलीने धाकटीला साडीचोळी केली, दिवाळीला माहेरपणाला नेले. पुढे एक्स गुणसूत्राची चाचणी सहज करता येऊ लागली तेव्हा, मलाच चैन पडेना म्हणून, मी त्यांना पुन्हा बोलावले. त्या वेळी थोरलीच्या आईनेही नमुना दिला. १२ मार्करांपैकी ५ ठिकाणी दोघींमध्ये एकही आकडा समान नव्हता. हे सांगताना त्या माझ्यासमोरच्या बाकावर शेजारी बसल्या होत्या आणि थोरलीने धाकटीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. त्या आजही एकमेकींना बहिणीच मानतात, हा त्यांचा मोठेपणा. चूक माझी होती, ती त्यामुळे लहान होत नाही.

त्या ८० टक्क्यांचा खरा अर्थ सांगतो, म्हणजे कोणताही अहवाल तुम्हाला वाचता येईल. अहवालात एक गुणोत्तर असते: नाते असेल तर असे आकडे दिसण्याची शक्यता, भागिले नाते नसेल तर असे आकडे दिसण्याची शक्यता. हे गुणोत्तर ४ आले आणि सुरुवातीला दोन्ही बाजू निम्म्या-निम्म्या धरल्या, की उत्तर ८० टक्के येते. गुणोत्तर १०० असेल तर ९९ टक्के, १,००० असेल तर ९९.९ टक्के. म्हणजे ८० आणि ९९ यांच्यात १९ गुणांचा फरक नसून पुराव्याच्या वजनात २५ पटींचा फरक आहे. म्हणून टक्क्यांकडे न पाहता गुणोत्तर विचारा, आणि तुलना कोणाशी केली हेही विचारा. ‘नाते नसेल तर’ या शब्दांचा अर्थ प्रयोगशाळा बहुधा ‘अगदी परका माणूस वडील असेल तर’ असा धरते. तुमच्या बाबतीत दुसरी शक्यता परक्या माणसाची आहे की त्याच घरातल्या, त्याच भावकीतल्या कोणाची, हे प्रयोगशाळेला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

इथेच तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ येते, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातील तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची, आत्याच्या घरात मुलगी देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सीमेपलीकडे बेळगाव, धारवाडच्या बाजूला तर मामा-भाचीचेही विवाह होत आले आहेत. अशा घरांत दोन माणसे एकमेकांना एका नात्याने नव्हे, दोन-तीन नात्यांनी लागतात. तुमची आई जर त्या गृहस्थांच्या नात्यातली असेल, तर तुमच्यात त्यांच्या घराण्याचा काही वारसा आईकडूनच आलेला असणार, आणि वडील दुसरे कोणी असते तरी तुमचे त्यांच्या मुलीशी थोडेफार जुळलेच असते. परका माणूस गृहीत धरून केलेला हिशोब हे आईकडून आलेले साम्य वडिलांच्या खात्यावर जमा करतो आणि आकडा फुगतो. यावर उपाय एकच: आईचा नमुना घ्यायचा, तिच्याकडून आलेले आकडे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावरच नात्याचा निवाडा करायचा. आईंचे आणि त्या गृहस्थांचे नेमके नाते कागदावर मांडून द्या. चार पिढ्यांची वंशावळ काढता आली तर उत्तम. घरात हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळ लिहून ठेवणारे, येत असतील तर त्यांच्या वहीत ती मिळू शकते. मात्र त्या वहीत समाजाने मान्य केलेले नाते लिहिलेले असते, हे ध्यानात ठेवून ती वाचायची.

सावत्र बहिणीच्या आईंचा, म्हणजे त्या गृहस्थांच्या पत्नींचा, नमुना मिळेल का, हे मला माहीत नाही आणि त्यासाठी त्यांच्यावर कोणीही दडपण आणू नये. त्या विधवा बाईंना या वयात हे सारे ऐकावे लागणार आहे. त्यांनी नाही म्हटले तर ते नाही मानावे. त्यांच्या नमुन्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारे दुसरे माणूस तुमच्याकडे आहे, आणि ते म्हणजे आजी.

त्या गृहस्थांचे एक्स गुणसूत्र आले ते पूर्णपणे त्यांच्या आईकडून, म्हणजे या आजींकडून. तेव्हा तुमच्यात वडिलांकडून आलेला एक्सवरील प्रत्येक आकडा आजींच्या दोन आकड्यांपैकी एक असलाच पाहिजे. वरच्या उदाहरणात तुमचा वडिलांकडचा आकडा १२ होता. आजींचे आकडे १२ आणि १० असतील तर ठीक, ११ आणि १३ असतील तर तो मार्कर विरोधात. नातीसाठी वडिलांची आई हा इतका भक्कम दुवा आहे की, केवळ तुम्ही, तुमची आई आणि आजी अशा तिघींच्या नमुन्यांवरही बहुतेक वेळा स्पष्ट उत्तर मिळते. एक मर्यादा मात्र आहे. आजींचे एक्स त्यांच्या दोन्ही मुलांकडे गेलेले आहे, त्यामुळे आजींशी जुळले म्हणजे ‘त्यांच्या मुलांपैकी एक’ तुमचे वडील, एवढेच सिद्ध होते. ते त्या गृहस्थांनाच लागू व्हावे यासाठी सावत्र बहीण हवी, कारण दोन सख्ख्या भावांना आईकडून मिळालेली एक्स सहसा सारखी नसतात. प्रत्येकात तुकड्यांची सरमिसळ वेगळी असते. म्हणून आजी आणि बहीण एकमेकींना पूरक आहेत, एकीला वगळून दुसरी घेऊ नये.

प्रयोगशाळेला आणखी एक गोष्ट विचारावी. एक्सवरील हे १२ मार्कर तीन-तीनच्या चार गटांत असतात आणि एका गटातील मार्कर एकमेकांना चिकटून पुढे जातात. त्यामुळे बारांचे आकडे सुटे धरून सरळ गुणाकार केला तर निकाल वाजवीपेक्षा मोठा दिसतो. हिशोब गटवार केला आहे का आणि तुलनेसाठी भारतीय लोकसंख्येची आकडेवारी वापरली आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे जी प्रयोगशाळा नीट देईल तिच्याकडेच जावे. मान्यतेच्या बाबतीत एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, प्रमाणपत्र डीएनए तपासणीसाठीच आहे ना, हे पाहून घ्यावे. रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठी मिळालेली मान्यता इथे चालत नाही.

वाय गुणसूत्राबद्दल दोन शब्द सांगतो, कारण हाच प्रश्न घेऊन येणारे पुरुष अधिक असतात. वाय हे बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते. चुलता, चुलत भाऊ, चुलत आजोबा, सगळ्या भावकीचे वाय सामान्यतः एकच. म्हणून ते न जुळल्यास उत्तर पक्के मिळते, पण जुळल्यास ‘या भावकीतला कोणीतरी पुरुष’ एवढेच कळते. याचे जगभर माहीत असलेले उदाहरण अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे आहे. त्यांच्याकडे गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे पिता तेच होते का, हा वाद दोनशे वर्षे चालला होता. जेफरसन यांची पुरुषवंशाची शाखा उरलेली नव्हती, म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या चुलत्यांच्या, फील्ड जेफरसन यांच्या, वंशजांचे वाय गुणसूत्र सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ताडून पाहिले आणि ते जुळले. जेफरसन घराण्याचा पुरुष हे त्यातून सिद्ध झाले. तो थॉमसच, त्याचा भाऊ नव्हे, हे ठरवायला इतिहासकारांना त्या काळच्या नोंदी आणि मुक्कामाच्या तारखा पाहाव्या लागल्या. दत्तकाचीही आठवण ठेवावी लागते. दत्तकविधान झालेल्या घराण्यात वारसा अखंड चालतो, वाय गुणसूत्र मात्र त्या जागी बदलते. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून यशवंतराव दत्तक आले आणि कोल्हापूरला शाहू छत्रपती लाभले, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सामान्य घरांतही अशी दत्तके शेकड्यांनी झाली आहेत आणि पुष्कळदा तिसऱ्या पिढीला त्याची माहितीही नसते. चुलत्याशी वाय जुळले नाही म्हणून आईवर संशय घेणाऱ्या एका तरुणाला मी आधी आजोबांची चौकशी करायला लावली होती. आजोबा दत्तक निघाले नाहीत, पण ते चुलते दत्तक आलेल्या माणसाच्या शाखेतले निघाले आणि तुलनाच चुकीच्या माणसाशी झाली होती.

परदेशी कंपन्यांच्या लाळेच्या घरगुती चाचण्यांबद्दलही लोक विचारतात. त्या सुमारे सहा-सात लाख जागा तपासतात आणि दोन माणसांमध्ये समान असलेली एकूण लांबी सेंटीमॉर्गन या एककात देतात. सावत्र भावंडांमध्ये ती सरासरी १,७५० च्या आसपास असते, सख्ख्या चुलत भावंडांमध्ये ८७० च्या आसपास. दोन्हींचा पल्ला मोठा आहे आणि १,२०० ते १,४०० च्या पट्ट्यात तो एकमेकांवर चढतो, पण बहुतेक वेळा ‘वडील ते की त्यांचा भाऊ’ हा प्रश्न या चाचणीने सुटतो. त्या कंपन्यांच्या यादीत अनोळखी नातेवाईक सापडतील ही आशा मात्र ठेवू नका. आपल्याकडची फार थोडी माणसे त्यात आहेत. तुम्ही आणि सावत्र बहीण, दोघींनी एकाच कंपनीकडे नमुना दिला तर तुलना सरळ होते. न्यायालयात हा कागद चालेल असे समजू नये, कारण नमुना कोणी दिला याचा पुरावाच त्यात नसतो.

त्या गृहस्थांचाच काही नमुना शिल्लक आहे का, हे अवश्य शोधा. पंचगंगेच्या घाटावर शेणींच्या अग्नीत दहन झाल्यावर रक्षेत तपासण्याजोगे काही राहत नाही, म्हणून रक्षाविसर्जनाच्या वेळी जपून ठेवलेली अस्थी कोणी आणून दिली तरी मी ती परत देतो. पण मृत्यूपूर्वी त्यांच्यावर शस्त्रक्रिया किंवा गाठीची तपासणी झाली असेल, तर पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे मेणात बसवलेला उतीचा लहानसा ठोकळा अनेक वर्षे जपलेला असू शकतो. फॉर्मॅलिनमुळे त्यातला डीएनए तुकड्यांत मोडलेला असतो, तरी बरेचदा पुरेसे मार्कर मिळतात. तो मागण्याचा अधिकार त्यांच्या पत्नीचा आणि मुलीचा आहे, तुमचा नाही. सावत्र बहिणीने रीतसर अर्ज करावा. तो मिळाला तर प्रश्न पुन्हा सरळ पितृत्वाच्या चाचणीवर येतो आणि बाकीचे सर्व मागे पडते.

सावत्र बहिणीला एक गोष्ट नमुना घेण्यापूर्वी, एकटीला, शांतपणे सांगितली पाहिजे. आपण सारे असे गृहीत धरतो आहोत की ती त्या गृहस्थांची मुलगी आहेच. तुमच्या दोघींचे एक्स जुळले नाही, तर दुवा तुमच्या बाजूला तुटला की तिच्या, हे केवळ दोघींच्या नमुन्यांवरून ठरत नाही. आजींचा नमुना आला की ते ठरते, आणि ठरलेले मग परत झाकता येत नाही. प्रेमापोटी पुढे आलेल्या मुलीला हे न सांगता तिचा नमुना घेणे मला अन्यायाचे वाटते. तिला हे मान्य आहे असे तिच्या हाताने लिहून घ्यावे. मान्य नसेल तर आजींपुरतेच थांबावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो; सविस्तर सल्ला वकिलांकडूनच घ्या. लग्नात, किंवा लग्न संपल्यापासून २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल हे पतीचेच मानावे, हा नियम पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. तुमचा जन्म आईच्या लग्नाआधीचा असल्याने तो तुम्हाला आड येत नाही. कोणालाही रक्ताचा नमुना देण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या गौतम कुंडू खटल्यात म्हटले आहे, आणि मालमत्तेच्या दाव्यात नाखूश व्यक्तीला डीएनए चाचणीला भाग पाडू नये, असे २०२१ मध्ये सांगितले आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले असल्याने दाव्यासाठी मुंबईला जावे लागणार नाही, परंतु चुलत्यांना ओढून आणायला न्यायालय मदत करील या भरवशावर राहू नका. सातबारावर नाव लागेल का, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी आजूबाजूचे लोक तुमच्याबद्दल तसे बोलणार, म्हणून सांगतो. रक्ताचे नाते सिद्ध होणे आणि वारस ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अवैध ठरलेल्या विवाहातील मुलांना आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने तो वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्शापर्यंत मान्य झाला. पण विवाहच झालेला नसेल तर हिंदू वारसा कायदा अशा अपत्याला आईचे नातेवाईक मानतो, वडिलांचे नाही. हे मला योग्य वाटत नाही, पण आज कायदा असा आहे. हीच गोष्ट चुलत्यांना मध्यस्थामार्फत सांगितली, तर त्यांच्या विरोधामागची भीती कदाचित कमी होईल.

नमुना घेण्याचे काम साधे आहे, तरी तेच सर्वांत जास्त वेळा बिघडते. गालाच्या आतल्या बाजूने कापसाचा स्वॅब अर्धा मिनिट फिरवायचा, प्रत्येकाचे किमान दोन. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांनी आधी चांगली चूळ भरून अर्धा तास थांबावे. आजींना हे आवर्जून सांगा. स्वॅब हवेत पूर्ण वाळवून कागदी पाकिटातच ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये कधीही नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की ओलसर स्वॅब तीन दिवसांत बुरशी धरतो. असे पाकीट उघडल्यावर आधी वासच येतो. कोणाला अलीकडे रक्त चढवले असेल किंवा कधी अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले असेल तर तसे लिहून द्यावे. पुढेमागे न्यायालयात जायची शक्यता थोडी जरी असेल, तर नमुने दोन साक्षीदारांसमोर, छायाचित्र, ओळखपत्राची प्रत, अंगठा आणि मोहोर यांसह घ्यावेत. घरी घेतलेल्या नमुन्याला नंतर हे सारे जोडता येत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. पहिल्या फेरीत तुम्ही, तुमची आई आणि आजी, तिघींची एक्स आणि साधी अशा दोन्ही चाचण्या एकत्र. त्यात स्पष्ट नकार आला तर तिथेच थांबावे. सावत्र बहिणीला आणि तिच्या आईला या साऱ्यात ओढण्याचे कारण उरत नाही. जुळले, तर दुसऱ्या फेरीत सावत्र बहीण, आणि तिची आई तयार असल्यास तीही. चुलत्यांना पुन्हा विचारू नका.

आजींचे वय ८८ आहे. बाकीच्यांचा निर्णय व्हायला सहा महिने लागले तरी चालतील, पण आजींना सारे समजावून, त्यांची संमती घेऊन, त्यांचे चार स्वॅब या महिन्यातच घेऊन ठेवा. नीट वाळवून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवलेला स्वॅब काही वर्षे टिकतो. पाकिटावर नाव, तारीख आणि कोणासमोर घेतला ते लिहा, आणि दोन पाकिटे तुमच्याकडे न ठेवता सावत्र बहिणीकडे ठेवायला द्या.